एका गायीच्या त्याच सडाले घडीघडी दगडी (कासेची सूज), दुसरीची कास एका दिवसात सुजली. रोग एकच आहे का?

कुटारवाला_दारव्हा

राम राम मंडळी. दारव्हा साइडले राह्यतो, घरी तीन एचएफ (होल्स्टीन) क्रॉस गायी आन एक देशी गवळाऊ, दूध गावातल्याच केंद्रावर घालतो. प्रॉब्लेम असा आहे का पांढरी म्हणून गाय आहे, तिसऱ्या वेताची, तिच्या डाव्या मागच्या सडातून छिटे येतात. ताप नाही, चारा खाते, रवंथ करते, पाहिलं तं काहीच झालं नाही असं वाटते, फक्त सकाळच्या पहिल्या धारेत पांढऱ्या गुठळ्या. डॉक्टर येतात, सडात औषधाची ट्यूब सोडतात, दोन-चार दिवसात दूध साफ. मंग काही दिवस गेले का परत तेच. आता त्या सडाच्या वरतं दाबून पाहिलं तं आत गाठ लागते आन तिकडचं दूधही अर्ध्यावर आलं.

आन काळी म्हणून दुसरी आहे तिची गोष्ट येगळीच. पोळ्याच्या आधी व्याली, बाहेर पानी सुरूच, कोठ्यात चिखल. सकाळी चांगली धार देल्ली, संध्याकाळी ढेपेले तोंड लावलं नाही, अंग थरथर, कान थंड, कास लाल आन टणक, दूध म्हणजे नुसतं पिवळं पानी. डॉक्टरसाहेब राती आले, सलाइन लावली, इंजेक्शनं देल्ले तवा कुठं वाचली. पण तो सड गेलाच.

घरची बुडी म्हणते नजर लागली. शेजारचा म्हणते धामण पिऊन जाते, कोठ्याच्या मांगं दिसलीच होती म्हणते. मेडिकलवाला म्हणते ह्या खेपेले जास्त पॉवरची ट्यूब न्या. आता तिसऱ्या गायीलेबी छिटे दिसले, ती पहिलारू आहे, तं माह्यं डोस्कं फिरलं.

इचारायचं हे का दोघींचा रोग एकच आहे का, जंतू येतात कुठून, आन पांढरीले ट्यूबनं सुदरते तं पलटून काहून येते?

ढेपेचा_हिशोब

भाऊ कोरफड पाव किलो, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, मिक्सरमधून काढा आन कासेले दिवसातून आठ-दहा खेपा लावा, पाच दिवस. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळवालेच सांगतात हे, उगाच गावठी समजू नका. सोबत दोन लिंबं खाऊ घाला. आमच्या म्हशीची सूज उतरली होती.

पशुवैद्य_मूर्तिजापूर

आधी धामणीला सोडवतो. सडातून दूध ओढायला ओठ अन् गाल लागतात, तिला दोन्ही नाहीत. ती उंदरांसाठी येते, तिला मारू नका.

कोरफडीच्या लेपाला माझा विरोध नाही, सूज अन् दुखणं कमी व्हायला मदत होते, पण काळीसारख्या केसमध्ये लेप लावत बसले असते तर गाय गेली असती. अन् पांढरीच्या गाठीत जे बसलंय तिथपर्यंत लेप पोचत नाही.

आता मुद्द्यावर. तुम्ही लिहिलं त्यावरून दोघींच्या कासेत गेलेले जंतू वेगळ्या ठिकाणाहून आलेले दिसतात. नक्की काय ते दूध तपासल्यावरच कळेल पण लक्षणं बोलतात.

एक गट आहे तो गायीच्या कासेतच राहतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्ट्रेप्टोकोकस अॅगॅलॅक्टिए, मायकोप्लाझ्मा बोव्हिस. हे एका गायीच्या दुधातून दुसऱ्या गायीच्या सडात जातात, अन् नेणारे कोण तर दूध काढणाऱ्याचे हात, कास पुसायचं फडकं, मिल्किंग मशीनचे कप, एकीचं पिऊन दुसरीला लागणारं वासरू. म्हणजे हा धार काढतानाच पसरतो. ताप येत नाही, गाय खाते-पिते, म्हणून कोणी लक्ष देत नाही, तोवर दुसऱ्या-तिसऱ्या गायीला गेलेला असतो. पांढरी अन् पहिलारू, मला तरी हेच वाटतं.

दुसरा गट कोठ्यातला. ई. कोलाय अन् क्लेबसिएला. ई. कोलाय शेणात असतोच, कोणत्याही गायीच्या. क्लेबसिएला ओल्या लाकडी भुशात फार वाढतो, आरा मशीनवरून फुकटचा भुसा आणून खाली पसरतात त्यांनी हे लक्षात ठेवा. स्ट्रेप्टोकोकस युबेरिस कुटार-पेंढ्याच्या ओल्या बिछान्यात. ही मंडळी दोन धारांच्या मधल्या वेळात, गाय चिखलात बसली की सडाच्या तोंडातून वर चढतात. काळीचं हेच झालं असावं. व्यायच्या टायमाला गायीची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते, भाकड काळात, म्हणजे दूध आटवलं असताना, सडाच्या तोंडाशी जे बूच बसलेलं असतं ते व्यायच्या आधीच निघतं, कधी कधी सडातून दूधही गळतं, अन् त्यात आपल्या काळ्या मातीचा पावसाळा. ई. कोलायच्या पेशीच्या भिंतीतून जे विष सुटतं ते रक्तात जातं, म्हणून ताप, थरथर, कान थंड, गाय बसून जाते. तिथं सलाइन अन् सूज उतरवणारं इंजेक्शन हे अँटीबायोटिकइतकंच, खरं तर जास्त महत्त्वाचं असतं. तुमच्या डॉक्टरांनी रात्री येऊन बरोबर केलं.

पांढरीला पलटून का येतं तेही सांगतो. ऑरियस असेल तर तो कासेच्या आत बारीक बारीक फोड करून बसतो, भोवती शरीर जाड भिंत बांधतं, तीच तुम्हाला गाठ लागते. औषध त्या भिंतीच्या आत पुरेसं जात नाही. शिवाय तो पांढऱ्या पेशींच्या आतही जिवंत राहतो. बरेचसे ऑरियस पेनिसिलिन तोडणारं एन्झाइमही बनवतात. ट्यूब टाकली की दुधातले मरतात, छिटे थांबतात, आपल्याला वाटतं झालं. आतले तसेच. म्हणून ‘जास्त पॉवरची ट्यूब’ हा मेडिकलवाल्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही, कोणता जंतू ते माहीत नाही अन् पॉवर कशाची वाढवता?

याच्या उलट अॅगॅलॅक्टिए निघाला तर खुश व्हा. तो कासेच्या बाहेर फारसा टिकत नाही अन् साध्या पेनिसिलिनलाही चांगला मरतो. सगळ्या गायी तपासून लागण असलेल्या एकाच वेळी ट्रीट केल्या तर कोठ्यातून कायमचा घालवता येतो.

आर्वीची_वहिनी

डॉक्टरसाहेबांनी जंतूचं सांगितलं, मी धारेचं सांगते कारण आमच्या घरी धार मीच काढते आणि बहुतेक घरी बायाच काढतात पण सल्ला द्यायला सगळे माणसं पुढे.

भाऊ तुम्ही धार कोणापासून सुरू करता? बहुतेक जण जी दाराजवळ बांधली तिथून सुरू करतात. आधी पहिलारू आणि निरोगी गायी, मग म्हाताऱ्या, आणि छिटेवाली एकदम शेवटी. हे बदलायला एक रुपया लागत नाही. फडकं एकच असते ना, बादलीत बुडवायचं, पिळायचं, चारही गायींची कास त्यानेच? ते बंद करा. प्रत्येक गायीला वेगळं सुती फडकं, धार झाली की उकळत्या पाण्यात टाकून उन्हात वाळवा, विदर्भात ऊन काय कमी आहे का. पावसाळ्यात वाळत नसेल तर जुने वर्तमानपत्राचे तुकडे घ्या, पुसले की फेका. आणि कास कोरडी करूनच हात लावायचा, ओल्या कासेवरून घाण पाणी खाली सडाच्या तोंडाशी येते.

अंगठा दुमडून धार काढत असाल तर तेही सोडा, सडाच्या आत इजा होते. पूर्ण मुठीने काढायची. लहान सडाच्या गायीला अवघड जाते मान्य आहे.

पहिल्या धारा जमिनीवर मारू नका!! हे तर सगळेच करतात. त्याच जागेवर गाय बसते. काळ्या वाटीत नाहीतर कपात घ्या, काळ्यावर छिटे लगेच दिसतात, आणि कोठ्याबाहेर लांब नेऊन फेका.

धार झाल्यावर सड बुडवायचे. पोव्हिडोन आयोडीन तीन भाग, ग्लिसरीन एक भाग, लहान प्लास्टिकच्या कपात. पुसायचं नाही. आणि त्यानंतर गव्हाणीत कुटार, हिरवा चारा टाकायचा म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहते, धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही. आमच्याकडे आधी ढेप खाऊ घालून धार काढायचे आणि मग गाय मोकळी, ती लगेच बसायची शेणात. ढेपेची वेळ तीच राहू द्या पण चारा धारेनंतर.

बाजार_दाखवा

येवढं कोन करते राजेहो. धा मिनटाची धार आन अर्ध्या तासाचा आयोडीन. पांढरी बाजारात न्या, दोन दिवस आधी ट्यूब मारा म्हणजे छिटे दिसत नाही, इकून मोकळे व्हा.

आर्वीची_वहिनी

@बाजार_दाखवा अशाच बाजारातून घेतलेली गाय कोणाच्या तरी कोठ्यात हा रोग घेऊन जाते. घेणारा पण कर्ज काढूनच घेतो. विकायची तर सांगून विका नाहीतर विकू नका.

कुटारवाला_दारव्हा

इकत नाही, ते डोक्यात नाहीच. वहिनी, तुमी म्हणता तसंच आहे, फडकं एकच आहे आन पांढरी दारातच बांधली. आजच जागा बदलतो.

साहेब, दूध तपासाचं म्हणता तं कसं न्याचं, कुठं द्याचं? आन छिटे दिसायच्या आधीच घरी कळन असं काही आहे का? आमच्या केंद्रावर तं फक्त फॅट आन डिग्री पाह्यतात.

पशुवैद्य_मूर्तिजापूर

घरी कळायला सीएमटी आहे, कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, १९५७ पासून जगभर वापरतात. चार खणांची ट्रे असते, प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या खणात, तितकंच औषध, हलकेच फिरवायचं. सुजलेल्या कासेच्या दुधात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, त्या फुटून आतला डीएनए बाहेर येतो अन् दूध शेंबडासारखं चिकट होतं. ट्रे नसेल तर कपड्याच्या पावडरचं पाणी चालतं, १०० मिलीला ३ ग्रॅम, चार वाट्या घ्या, दूध अन् पाणी सारखं. ज्या वाटीत चिकट झालं त्या सडात छुपी दगडी आहे असं धरा. एका मिलीत २ लाखांच्या वर पेशी गेल्या की कासेत लागण आहे असं साधारण मानतात, अन् तेव्हा दूध डोळ्याला एकदम चांगलं दिसतं. छिटे दिसणारी गाय एक असली तर अशा न दिसणाऱ्या कोठ्यात बहुधा आणखी असतात, दुधाची खरी घट तिथं होते. फक्त नुकत्याच व्यालेल्या अन् आटत आलेल्या गायीत ही टेस्ट फसवते, तिथं भरवसा नको.

पण यातून जंतूचं नाव कळत नाही, त्यासाठी कल्चर, म्हणजे दुधातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नाहीतर अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेत, तुम्हाला अकोला जवळ. जायच्या आधी तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात विचारा, तिथून पत्र घेऊन पाठवलं तर सोपं जातं, जिल्ह्याच्या लॅबमध्येही काही ठिकाणी होतं.

नमुना कसा घ्यायचा हे नीट वाचा कारण निम्मे रिपोर्ट इथंच बिघडतात. ट्यूब किंवा इंजेक्शन द्यायच्या आधी घ्यायचा, नंतर नाही. मेडिकलवरून निर्जंतुक डब्या आणा, लघवीच्या तपासणीच्या असतात त्या. हात साबणाने धुवा, कास कोरडी करा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या. मग स्पिरिटच्या कापसाने सडाचं टोक घासा, कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत, प्रत्येक सडाला नवा बोळा. पुसताना पलीकडचे सड आधी, अन् दूध घेताना अलीकडचे आधी, म्हणजे तुमचा हात पुसलेल्या सडाला लागत नाही. झाकण हातातच उलटं धरा, खाली ठेवू नका. डबी आडवी धरून पाच-दहा मिली दूध घ्या, पुरे. डबीवर गाय अन् सड लिहा. बर्फाच्या थर्मासात घालून २४ तासांच्या आत पोचवा.

गोंदियाचा_गडी

साहेब आमच्याकडे रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा आला. म्हणजे पैसे पाण्यात ना? आणि पाच-सहा प्रकारचे ट्यूब झाले, फरक शून्य.

पशुवैद्य_मूर्तिजापूर

‘वाढ नाही’ ही पण माहिती आहे. ऑरियस रोज सारखा बाहेर पडत नाही, एका दिवशी दुधात नसतो, म्हणून नमुना परत द्यावा लागतो. ई. कोलाय कित्येकदा लक्षणं दिसेपर्यंत गायीनेच संपवलेला असतो. अँटीबायोटिक चालू असताना नमुना घेतला तरी असंच येतं.

अन् एक शक्यता आहे ती तुमच्या केसमध्ये पाहायला पाहिजे. मायकोप्लाझ्मा लॅबच्या साध्या मीडियावर (जंतू वाढवायच्या खाद्यावर) वाढतच नाही, वेगळा मीडिया किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) लागतो. त्याला पेशीभित्तिका नसते म्हणून पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन काही करत नाहीत. एकाहून जास्त सड एकदम, दूध फार कमी, पण गाय तशी ठीक, कोठ्यात कोणाचे सांधे सुजलेले, वासरांना न्यूमोनिया, असं काही आहे का? असेल तर लॅबला स्पष्ट सांगून तपासायला लावा. त्यावर इलाज नाही म्हटलं तरी चालेल, गाय वेगळी काढावी लागते.

पाच-सहा ट्यूब झाल्या म्हणता, तर बुरशीही पाहून घ्या. यीस्ट बऱ्याचदा आपणच आत ढकलतो, सडाचं तोंड न पुसता ट्यूबचं नोजल घातलं की गेली आत. अन् अँटीबायोटिक बुरशीला मारत नाही, उलट तिचं फावतं. तिथं औषध थांबवून दूध काढत राहणं हाच उपाय असतो. प्रोटोथिका म्हणून एक शेवाळ पण आहे, ओल्या घाणीच्या जागी राहतं, त्याला कोणतंच औषध लागू पडत नाही. अन् टाकीचं पाणी घाण असेल तर स्यूडोमोनास नावाचा जंतू. कास धुवायचं पाणी कुठून घेता ते लिहा.

गोंदियाचा_गडी

कास धुवायला बोडीचं पाणी घेतो साहेब, तलावच म्हणा, म्हशी पण त्यातच बसतात. सांधे वगैरे नाही कोणाचे. दोन सड.

पशुवैद्य_मूर्तिजापूर

मग आधी ते पाणी बंद करा. हातपंपाचं घ्या, कमीच घ्या, अन् पुसून कोरडं करा. नमुना परत पाठवा, बुरशी अन् स्यूडोमोनास दोन्ही पाहायला सांगा.

अंजनगावची_सून

मध्येच विचारते, छिटे असलेलं दूध उकळून घरी वापरलं तर चालतं का? सासूबाई म्हणतात उकळलं की सगळं मरते. आणि वासराला पाजलं तर?

पशुवैद्य_मूर्तिजापूर

जंतू मरतात, पण ऑरियसने दुधात सोडलेलं विष उकळून जात नाही, उलट्या-जुलाब होतात त्याने. ट्यूब टाकलेली असेल तर औषधही उकळून जात नाही, दही नीट लागलं नाही की समजा तेच आहे. ट्यूबच्या खोक्यावर दूध किती दिवस टाकायचं ते लिहिलेलं असतं, चारही सडांचं टाकायचं, ज्यात ट्यूब घातली तेवढ्याच सडाचं नाही. वासराला, त्यातही कालवडीला, पाजू नका.

कुटारवाला_दारव्हा

रिपोर्ट आला मंडळी. पांढरीच्या डाव्या मागच्या सडात स्टॅफिलोकोकस ऑरियस, पहिलारूलेबी तोच, एकाच सडात. दोघींच्या कागदावर पेनिसिलिनसमोर आर (म्हणजे लागू पडत नाही) लिहिलं आहे आन दोन-तीन औषधांपुढं एस (म्हणजे लागू पडते). काळीचं तं औषध सुरू होतं म्हणून नमुना घेतलाच नाही. पावडरच्या पान्यानं घरी पाह्यलं तं गवळाऊ चारही सड साफ, पण पांढरीचा पुढचा सडबी चिकट निघाला, त्याच्यात छिटे कधीच नव्हते. आता पुढं काय? दोघींले सारखंच औषध कराचं का?

पशुवैद्य_मूर्तिजापूर

नाही, इथं जंतू एक असला तरी निर्णय वेगळा. पहिलारू लहान वयाची, लागण नवीन, एकच सड, गाठ नाही. तिच्यात बरं व्हायची शक्यता चांगली. रिपोर्टमध्ये एस असलेलं औषध तुमच्या डॉक्टरांना दाखवून पूर्ण कोर्स करा, दूध साफ दिसलं म्हणून मध्येच सोडायचं नाही, नेहमीपेक्षा लांब कोर्स लागू शकतो. संपल्यावर काही आठवड्यांनी परत कल्चर.

पांढरी तिसऱ्या वेताची, जुनी लागण, मागचा सड, आत गाठ, अन् आता दुसरा सडही. दूध देताना तिच्यावर औषधाचा खर्च करू नका, वसूल होणार नाही. शेवटी धार, वेगळं फडकं, तिचं झालं की हात साबणाने. गाभण आहे ना? व्यायच्या साधारण ६० दिवस आधी आटवताना चारही सडांत भाकड काळाची लांब मुदतीची ट्यूब डॉक्टरांकडून टाकून घ्या, ऑरियस घालवायला सगळ्यात बरा मौका तोच असतो. नोजल पूर्ण आत घालू नका, टोकापुरतं, अन् आधी स्पिरिट. व्यायल्यावर पुन्हा कल्चर, अन् तेव्हाही आला तर गाठीचा सड डॉक्टरांकडून कायमचा आटवून घ्यायचा की गायच कमी करायची ते ठरवा. तोवर बाहेरून नवीन गाय आणू नका.

काळीसारखं पुढच्या पावसाळ्यात होऊ नये म्हणून व्यायची जागा आत्ताच करा. मुरूम टाकून उंच, उतार बाहेरच्या बाजूने, वर पत्रा. भाकड गायींना कोपऱ्यातल्या चिखलात बांधायची आपल्याकडे पद्धत आहे, दूध देत नाही म्हणून, अन् लागण तिथंच होते. असं रात्री-बेरात्री झालं अन् डॉक्टर मिळाले नाहीत तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनला फोन लावून पाहा.

कुटारवाला_दारव्हा

गाभण आहे, सहावा महिना सुरू आहे. मुरूम पाहतो या हप्त्यात. वहिनी, ते आयोडीन मेडिकलवर मागाचं तं काय म्हणून मागाचं, हातापायाच्या जखमेले लावतात तेच का? आन चारही गायींचा कप एकच चालन का?

आर्वीची_वहिनी

तेच, पोव्हिडोन आयोडीन ५ टक्केवालं, साधं, साबणाचा फेस होते ते स्क्रबवालं घेऊ नका. मोठी बाटली स्वस्त पडते. ग्लिसरीन पण तिथेच. कप निरोगी गायींसाठी एक आणि पांढरी-पहिलारूसाठी वेगळा. बुडवल्यावर उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही, टाकून द्यायचं, शेण पडलं की त्या आयोडीनमध्ये दम राहत नाही.